दुसरी चूल

राधाकिशन सोसायटीच्या रेशन दुकानात काट्यामागं बसायचा आणि गावातल्या घराघराचं पोट त्याला ठाऊक होतं. कुणाचा गहू महिना सरायच्या आधीच संपतो, कोण तांदूळ विकून तेल नेतं, कोण रांगेत उभं राहायला लाजून बायकोला धाडतं, सगळं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, सगळं त्याच्या माथी मारून मोकळं होता आलं असतं. पण त्यानं सरूबाईला जो सल्ला दिला तो तिच्या भल्यासाठीच दिला, आणि तिनंही तो भल्यासाठीच ऐकला.

गाव चौसाळ्याच्या अंगाला, हमरस्ता सोडून आत. लागोपाठ दुसरं साल कोरडं चाललं होतं. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन जागीच वाळली, विहिरींत नुसता गाळ उरला, टँकर आला की बायका हंडे घेऊन पळत सुटायच्या. सोसायटीच्या दूध डेअरीचे कॅन पालथे पडले होते, कारण जनावरं चारा छावणीला गेली होती, आणि छावणीला गेली नव्हती ती बाजारात गेली होती. सरूबाईला ना शेत ना जनावर. तेव्हा दुष्काळानं हिचं काय नेलं, असं कुणीही म्हटलं असतं. तिचं काम नेलं होतं. गावात निंदणी नाही, खुरपणी नाही, काढणी नाही. आणि बाहेरगावची वाट तिला आधीच बंद झालेली. नवरा त्रिंबक होता तोवर मुकादमाच्या हिशेबात दोघांची जोडी मिळून एक कोयता होता. दिवाळी झाली की मुकादमाच्या ट्रॅक्टरात बसून ऊस तोडायला पश्चिमेकडे जायचं आणि गुढीपाडव्याच्या पुढंमागं परतायचं. मग त्रिंबक उसाच्या ट्रॉलीखाली आला आणि सरूबाई अर्धा कोयता झाली. अर्ध्या कोयत्याला मुकादम घेत नाही. एकटी बाई ऊस तोडणार कधी आणि मोळ्या बांधून डोक्यावर वाहणार कधी?

भीमनगराच्या टोकाला त्यांचं पत्र्याचं घर होतं. दोन खोल्या, पुढं पडवी. घरात सरूबाई, तिच्या दोन पोरी आणि सासू केशरबाई. पिवळं रेशनकार्ड केशरबाईच्या नावचं आणि त्यावर अंत्योदयचा शिक्का. गरिबातल्या गरिबाचं कार्ड ते. घरात एक तोंड असो की सात, महिन्याला पस्तीस किलो धान्य ठरलेलं. अर्धं साल ऊसतोडीला जायचे तेव्हा ते पुरून उरायचं. आता चार तोंडं बारा महिने घरात, आणि त्याच धान्यातलं थोडं विकून तेल, मीठ, साबण भागवायचा. महिन्याचा शेवट कण्यांवर निघायचा. अशा दिवसांत केशरबाई म्हणायची की मला आज भूक नाही. तिला भूक कधी नसते आणि डब्यात पीठ कधी नसतं याचा मेळ सरूबाईला चांगला कळत होता आणि जीव जळत होता.

राधाकिशननं तिला दुकानाच्या बाजूला घेऊन सांगितलं ते असं. तुझं आणि पोरींचं नाव सासूच्या कार्डातून कमी करून घे आणि वेगळं कार्ड काढ. तुला माणशी पाच किलो धरून पंधरा मिळतील. म्हातारीचे पस्तीस कुठं जात नाहीत, ते कार्डाला असतात, माणसाला नसतात. म्हणजे एकाच घरात पन्नास किलो. गावात कितीतरी घरांनी असंच केलंय. फक्त चूल वेगळी दाखवावी लागेल. तलाठी येऊन बघेल, दोन पंच बसतील, म्हातारीनं तेवढं म्हणायचं की सून वेगळी खाते.

सरूबाई घरी आली ती हिशेब मनात घोळवत. पन्नास किलोत काय काय बसतं याची तिला जणू चटकच लागली. पोरींना सकाळीही भाकरी. पाहुणा आला तर डबा चाचपायला नको. तिनं सासूला सगळं समजावून सांगितलं. केशरबाईनं ऐकून घेतलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, आणि ती म्हणाली की चिकण माती आणावी लागेल.

गावात चूल घालायची तर केशरबाईनं, असा तिचा लौकिक होता. भीमनगरातच नव्हे, पाटलांच्या आळीतल्या बायकाही नवी चूल घालायची झाली की तिला बोलावून नेत, भले पाणी वरून ओतून प्यायला देत. कोरड्या तळ्याच्या पोटातली माती, तिच्यात भुसा आणि शेण, तुडवून लोण्यासारखी केलेली. तिच्या चुलीचा धूर घरात कोंडत नसे. सरूबाई म्हणाली की तीन विटा मांडू, नुसतं तलाठ्याला तर दाखवायचंय. 

"दाखवायची येगळी आन् जाळायची येगळी, आशी चूल मला न्हाई घालता येत," केशरबाई म्हणाली.

तिनं दुसऱ्या खोलीत भिंतीला धरून चूल घातली, ती अशी देखणी की मोठ्या पोरीनं तिच्यावर बोटांनी नक्षी काढली. राधाकिशननं बजावून ठेवलं होतं की कोरी चूल तलाठी ओळखतो, काजळी धरली पाहिजे. म्हणून मग सरूबाई तिच्यावर रांधू लागली. एका घरात दोन धूर निघू लागले, पण जेवायला सगळ्या अजून एकत्रच बसायच्या.

इथं केशरबाईविषयी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली त्या साली ती बापाच्या खांद्यावर बसायच्या वयाची होती. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही, पण पंचशील तिला तेव्हापासून पाठ. दर रविवारी विहारात भीमनगरातलाच निवृत्ती वंदना सांगायचा आणि सगळे त्याच्यामागं म्हणायचे. चौथं शील खोटं न बोलण्याचं. बाकीची माणसं ते म्हणून घरी जायची आणि सगळं जग बोलतं तसं जरुरीपुरतं खोटं बोलायची. केशरबाईची खोड अशी की ती जे म्हणायची ते पाळायची. त्यापायी तिनं एकदा सख्ख्या भावाविरुद्ध पंचांत खरं सांगितलं होतं, आणि भाऊ मरेपर्यंत तिच्या दारात आला नव्हता. सरूबाईला हे ठाऊक होतं. ठाऊक असूनही तिनं सासूला पंचांपुढं उभं केलं, कारण पोटापुढं ते तिला मोठं वाटलं नाही.

तलाठी भाऊसाहेब फटफटीवरून आले. पंचांत निवृत्तीच बसला होता, दुसरा सोसायटीचा एक सभासद. भाऊसाहेबांनी दोन्ही खोल्या पाहिल्या, दोन्ही चुली पाहिल्या आणि केशरबाईला विचारलं की सून तुमच्यात खाते की वेगळी.  तिनं निवृत्तीकडं पाहिलं. निवृत्तीनं मान खाली घातली. 

"येगळी खाती," केशरबाई शेवटी म्हणाली, आणि तिनं कागदावर अंगठा उठवला.

फटफटीचा आवाज विरला तशी सरूबाईनं आपल्या चुलीतलं लाकूड विझवलं, पिठाचा डबा उचलला आणि जुन्या चुलीशी आली. केशरबाई उंबऱ्यात आडवी बसलेली.

"आत्या, झालं की आता. कावून येगळं ऱ्हायाचं?"

"पंचांपुढं बोलले ना मी. चार माणसांत सांगितलं. आता ते खोटं नगं व्हायला. तू तुह्या चुलीवर खा, मी मह्या."

सरूबाईला वाटलं म्हातारीचा राग आहे, चार दिवसांत निवळेल. राग नव्हताच. तिनं डबे वाटले, ताटल्या वाटल्या, मिरचीसुद्धा मोजून वाटली. पोरी आजीच्या मांडीवर बसून खायला गेल्या की ती त्यांना उठवून आईकडं पाठवायची आणि मग स्वतःच्या चुलीकडं तोंड करून बसायची. आपल्या पस्तीस किलोंतलं धान्य मात्र ती सढळ हातानं सुनेला मापून द्यायची. देणं वेगळं आणि एका चुलीवर खाणं वेगळं, असा तिचा कायदा होता आणि त्यावर अपील नव्हतं.

सरूबाईचं कार्ड व्हायला उन्हाळा आला. मधल्या काळात तिनं तालुक्याला जे हेलपाटे घातले ते तिलाच ठाऊक. नाव कमी केल्याचा दाखला आणा, तो आणला तर त्यावर सही नाही. सही आणली तर साहेब मीटिंगला. साहेब भेटले तर म्हणाले की गावाचा कोटा भरलाय, कुणी मयत झालं की तुमचं नाव बसेल. सरूबाई दाराबाहेर लिंबाखाली बसून दुसऱ्या बायांचं बोलणं ऐकायची आणि शिकायची. कोणत्या खिडकीवर आधी जायचं, कोणाला भाऊ म्हणायचं, कोणाला साहेब. कुणीतरी कुठंतरी मेलं असावं, कारण एक दिवस तिचं कार्ड झालं.

त्यानंतरचे काही महिने बरे गेले हे नाकारून चालणार नाही. पन्नास किलो घरात येत होतं, पोरींचे गाल भरले. आणि आणखी एक गोष्ट झाली, जी सरूबाईनं कुणाला सांगितली नाही. तिला स्वतःची चूल आवडायला लागली. लग्न होऊन आल्यापासून मीठ किती घालायचं ते सासूच्या हातानं ठरायचं. आता ती आपल्या मनानं वरणाला लसणाची फोडणी देत होती, भाकरी हवी तेवढी जाड थापत होती, आणि भांडं आपटलं तरी कुणी मान वळवून पाहत नव्हतं. पलीकडच्या खोलीत म्हातारी एकटी जेवते आहे हे तिला ऐकू यायचं. तिला वाईट वाटायचं. पण डबे उचलून परत जावंसं वाटेना, आणि म्हातारीचा हट्टच आहे म्हटल्यावर आपल्याकडं दोष येत नाही हेही तिला सोयीचं होतं.

मग एकदा धान्य आणायला गेली तेव्हा राधाकिशननं केशरबाईच्या कार्डावर पाच किलो मोजले आणि काटा थांबवला. सरूबाई पिशवी धरून उभीच. तो वर बघेना. वरून छाननी झाली होती, म्हणाला. ज्या अंत्योदय कार्डावर एकच माणूस आहे ती कार्डं त्यातून काढली, आता त्यांनाही माणशी पाच. तुझे पंधरा आहेत तसे आहेत. सरूबाईला आकडे जुळवायला वेळ लागला नाही. वेगळं होण्याआधी घरात पस्तीस यायचे. वेगळं होऊन वीस.

"तुमी म्हणलते कार्डाला असतेत, माणसाला न्हाई," ती म्हणाली.

राधाकिशन म्हणाला की तेव्हा होतं तसं, बाई. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं असं ती पुढं लोकांना सांगायची, म्हणजे तिनंही त्याला दोष दिला नाही. त्यानंच मग वाट दाखवली. नावं पुन्हा एकत्र करायचा अर्ज दे. तलाठी चौकशीला येईल, एकत्र खातो म्हणून सांगा, चार माणसांचं कार्ड झालं की अंत्योदय परत मिळेल. पण एकदाच येईल तो. यादी बंद झाली की पुढं कुणी बघणार नाही.

सरूबाईनं अर्ज दिला आणि घरी येऊन सासूला सांगितलंही. केशरबाईनं हूं केलं. अर्ज दिल्यापासून चौकशी होईतो जे दिवस गेले ते वाईट गेले. केशरबाई आता एक वेळ खात होती, तीही अर्धी भाकरी, तिखटाच्या गोळ्याबरोबर. सरूबाई ताट घेऊन गेली तर ती हात जोडायची. पोरींना दे, मह्या पाच किलोत मला उरतंय, म्हणायची. तिच्या हाताच्या शिरा वर आल्या, लुगड्याची निरी ढिली झाली, टँकरवर ती कळशी उचलताना बसायला लागली. सरूबाईला रडू यायचं आणि रागही यायचा. एवढं कसलं ते खरं, जे माणसाला खायला उठतं, असं तिला वाटायचं.

चौकशीच्या दिवशी सकाळी ती सासूच्या पायाशी बसली. म्हणाली, आत्या, तुमच्या पाया पडते, आज तेवढं म्हणा की आम्ही एकत्र खातो. पोरींकडं बघा. 

"आज सैपाक कुठं केलास?" तिनं विचारलं.

"मह्या चुलीवर. कावून?"

 केशरबाईनं भिंतीला टेकून डोळे मिटले. सरूबाईला वाटलं, दमली असेल.

भाऊसाहेब तेच होते, निवृत्तीही तोच. या वेळी तर भाऊसाहेब दाराशीच थबकले, कारण म्हातारीला त्यांनी ओळखलंच नाही. ते पाणी प्यायले, चुलीकडं न जाताच त्यांनी कागद काढला, आणि उत्तर ठरलेलंच आहे अशा आवाजात विचारलं, आजी, तुम्ही आणि सून आता एकत्रच खाता ना?

"न्हाई," केशरबाई म्हणाली. "येगळं खातो."

भाऊसाहेबांचं पेन थांबलं. भला माणूस होता. त्यांनी पुन्हा विचारलं, खुलासा करून विचारलं, एकत्र म्हटलंत तर तुमचंच धान्य वाढतंय असंही सांगितलं. निवृत्ती म्हणाला, केशरबाई, नीट ध्यान देऊन बोला. तिनं ध्यान दिलं आणि तेच सांगितलं. मग भाऊसाहेब उठून आत गेले. दोन्ही चुलींत राख होती आणि सरूबाईच्या चुलीवरचा तवा अजून गरम होता. त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं, दुसरं काय लिहिणार? जाताना म्हणाले की यादी आजच पाठवायची आहे, माझं काही चालत नाही.

माणसं गेली आणि सरूबाईच्या जिभेचा ताबा सुटला. इतक्या वर्षांत जे बोलली नव्हती ते बोलली. तुमच्या खऱ्यापायी मह्या पोरी उपाशी मरतील, म्हणाली. तुमचा लेक असता तर तुमच्यानं आसं बोलवलं असतं का, म्हणाली. पहिल्यांदा खोटं बोलताना कुठं गेलं होतं तुमचं शील, असंही म्हणाली. धाकटी पोरगी घाबरून रडायला लागली.

 सून थकून खाली बसली तेव्हा केशरबाई बोलली, आणि इतकं हळू बोलली की सरूबाईला पुढं सरकावं लागलं.

"पयल्या बारीला खोटं बोलले ते तुह्यासाठी बोलले. ते खरं करता करता मह्यी हाडं निघाली. आता दुसरं खोटं बोलले आसते तर ते खरं करायला मह्याकडं काय उरलंय? तू अर्ज केलास तवापासून वाट बघत व्हते मी, सरू. म्हणलं, आज येईल, उद्या येईल, म्हणंल आत्या, मी चूल मोडून आले. सकाळी सुदिक इचारलं तुला. तवा जरी चूल मोडली आसतीस, तर मी व्हय म्हणले आसते आन् ते खरं आसतं."

 अर्ज करायला सरूबाई दोनदा तालुक्याला गेली होती. निवृत्तीच्या घरी जाऊन विनवण्या केल्या होत्या. राधाकिशनला विचारलं होतं की म्हातारीला कोण समजावू शकेल. या सगळ्या धावपळीत, दोन हात लांबीची ही मातीची चूल मोडावी, हे एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. का आलं नव्हतं तेही तिला आता कळलं, आणि ते कळल्यावर सासूकडं बघणं तिला जड गेलं.

ती उठली. पहार घेतली आणि आपल्या चुलीवर घातली. चूल चांगली होती, पहिल्या घावाला टवकासुद्धा निघाला नाही. ती घाव घालत राहिली. मोठी पोरगी दारात उभी राहून आपल्या नक्षीचे तुकडे होताना बघत होती. शेवटी माती भुईला मिळाली. सरूबाईनं ती पाटीत भरून बाहेर फेकली, डबा उचलला, आणि केशरबाईच्या खोलीत येऊन तिच्या चुलीपुढं बसली.

केशरबाईनं या वेळी तिला अडवलं नाही. सरकून जागा केली. पिठात हात घालून पाहिला, महिन्याच्या मानानं किती आहे ते अदमासलं, आणि चार भाकरींचं घ्यायचं सोडून दोनचंच मळलं.

"आता बलाव भाऊसायबाला," ती तव्यावर भाकरी टाकत म्हणाली. "आता म्हणते मी एकत्र."

सरूबाईनं जाळ पुढं सारला. भाऊसाहेब यादी घेऊन कधीच तालुक्याच्या रस्त्याला लागले होते.